मार्टिनी-हेन्री (ब्रिटिश लष्कराची जुनी रायफल) मिळतेय, पण कागद अर्धवट. घ्यावी का?

शहापूरवाला

चंदगड तालुक्यातल्या एका जुन्या घरातली काडतुसाची रायफल विकायची आहे. खाली ओढायचा दांडा आहे. उजव्या बाजूला मुकुट, खाली व्ही. आर., मग एन्फिल्ड, १८८६, रोमन तीन आणि शेवटी १ असे ठसे आहेत. एकूण लांबी ४९ इंचांच्या आसपास. नळीत खाचा दिसतात, पण गंजही बराच आहे. दस्त्याच्या मानेशी, जिथं हात धरतो तिथं, चीर गेली आहे.

"संस्थानची आहे, शंभर वर्षांवरची, परवाना लागत नाही" असं मालकांचं म्हणणं. परवाना त्यांच्या वडिलांच्या नावे होता, ते वारले. मी बेळगावचा आणि माझ्याकडे शस्त्रपरवाना नाही. भिंतीवर लावायची, जमलं तर वर्षातून एखादा बार काढायचा, असा विचार आहे. ठरवताना काय काय बघू?

खानापूरकर

बंदूक नंतर बघा, आधी मालकाला विचारा की वडील गेल्यावर ती कुणाच्या परवान्यावर चढली. परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. शस्त्र कायद्याचं (१९५९) कलम २१ सांगतं की, शस्त्र जवळ ठेवण्याचा हक्क संपला तर विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. ते झालं नसेल, तर ज्याच्याकडे कायदेशीर ताबाच नाही अशा माणसाकडून तुम्ही घेताय. मग तुमच्याकडे परवाना असला तरी उपयोग नाही की.

"शंभर वर्षांवरची म्हणून परवाना नको" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. कायद्यात नुसत्या वयावर सूट नाही. कलम ४५(सी) जुन्या घाटाच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही चालवता येत नसेल तर. "दुरुस्त करूनही" हे शब्द महत्त्वाचे. आतली पिन काढून ठेवली म्हणजे बंदूक निकामी झाली असं होत नाही, पिन कुणीही दुसरी घडवतो. तुमची मार्टिनी तर दांडा ओढला की चालत असेल.

फेब्रुवारी २०२०च्या दुरुस्तीत 'क्युरिओ' (संग्रहाची जुनी वस्तू) गटातली लहान शस्त्रं भारतीय नागरिकाला परवान्याशिवाय बाळगता येतात असं आलं. लोक तेवढंच वाचतात. त्याच दुरुस्तीत पुढं आहे की वापरायला, बरोबर न्यायला, इकडून तिकडं हलवायला परवाना लागतोच, आणि परवान्यावर त्या शस्त्राची नोंद नसेल तर त्यासाठी दारूगोळा विकता येत नाही. काडतुसाची, चालू स्थितीतली रायफल त्या गटात बसते की नाही, हे मालकाच्या तोंडी घेऊ नका. ठशांचे फोटो, मोजमापं लावून डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयात) अर्ज द्या (शहर आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर आयुक्तांकडे) आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "चालतंय की" म्हणणारा साहेब सहा महिन्यांत बदलून जातो.

परवान्याच्या वाटेनं जायचं ठरलं, तर वारसानं आधी कोल्हापूर जिल्ह्यात आपल्या बाजूचं निस्तरायला हवं. खासगी विक्रीत विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. परवान्यावर यूआयएन (राष्ट्रीय नोंदणीतला) क्रमांक आहे का बघा. तुमच्या परवान्याची हद्द फक्त कर्नाटक असेल, तर शिनोळ्यापलीकडून आणतानाच अडकाल. दोन राज्यांच्या मधला तो रस्ता म्हणजे या व्यवहारातली खरी अडचण. विसार देऊ नका, गाडीत घालून तर अजिबात आणू नका.

कर्नाटकात कोडवांना (कोडगू जिल्ह्यातला समाज) आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, ती कोडगूपुरती आणि त्यांच्यापुरती. बेळगावात ती कुणी सांगितली तर हसून सोडा.

लोहारगल्ली

कागदांचं खानापूरकरांनी सांगितलं, मी लोखंडाकडं वळतो.

हात लावण्यापूर्वी दांडा खाली ओढून मागून नळी रिकामी आहे का बघा, बोट घालून चाचपा. काडतुसातली काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. वाड्यातल्या ट्रंकेत जुनी काडतुसं निघाली तर ती घेऊ नका, "शोपीस" म्हणूनसुद्धा. त्यांनाही परवाना लागतो. मालकाला ठाण्यात कळवायला सांगा.

ठसे तुम्ही दिलेत ते कागदावर जुळतात. मार्टिनी-हेन्री १८७१ला लष्करात आली, मार्क (म्हणजे आवृत्ती) तीन १८७९चा, मार्क चार १८८८चा. तेव्हा १८८६ आणि रोमन तीन हे ठीक. शेवटचा १ म्हणजे पहिल्या प्रतीची बंदूक, २ असता तर खालच्या प्रतीत ढकललेली. आता बनावट ओळखायची. सरहद्दीकडं, दर्रा आदमखेलला, या बंदुकांच्या हुबेहूब नकला हातानं घडवल्या गेल्या, आणि तिथल्या कारागिराला अक्षरांचा अर्थ कळायची गरज नव्हती. म्हणून एन उलटा कोरलेला, अक्षरं कमी-जास्त उंचीची, मुकुट वांगं दिसावं तसा. व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, ती जानेवारी १९०१ला वारली. त्या खुणेखाली १९०५ असेल तर माल कुठला ते कळलंच. मार्क चार आणि साल १८८१ हेही तसंच.

बाणाची खूण (ब्रिटिश सरकारी मालाची) शोधा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती सरकारनं रीतसर सेवेतून काढून विकलेली. हा धागा 'संस्थानची' या गोष्टीपेक्षा खूप मोलाचा. सांगली, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सगळी संस्थानं इथंच होती, त्यामुळं विकणाऱ्याला नाव घ्यायला काही जात नाही. कागद किंवा कोरलेला क्रमांक नसेल तर त्या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका.

मग नळीचं तोंड व्हर्नियरनं मोजा. मूळ .५७७/४५० (या बंदुकीच्या काडतुसाचं नाव) मध्ये ते साधारण ११.४ मिमी येतं, सफाईच्या गजानं झिजून थोडं जास्तही. ७.७च्या आसपास आलं, तर ती नंतर .३०३ला बदललेली मार्टिनी आहे आणि तिथंच थांबा. .३०३ची लष्करी काडतुसं घेणाऱ्या रायफली आणि .४१०च्या मस्केट प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) येतात, तिथं तुमचा नेहमीचा परवाना चालत नाही. नुसत्या खाचा मोजून फसाल: मूळ हेन्री नळीच्या ७ आणि .३०३च्या मेटफर्ड नळीच्याही ७. खाचा अजिबात नसतील, तर कुणीतरी नळी खरवडून छऱ्याची केली आहे.

गंज दिसतो तो वरचा. खरा गंज लाकडाखाली आणि कड्यांखाली असतो, तिथं पावसाचं पाणी आणि घाम अडतो. कडी सैल करून पुढचं लाकूड उचलू द्या म्हणा. मालक नको म्हणाला तर त्यातच उत्तर आलं. नळीत मागून छोटी बॅटरी धरून पुढून बघा: काळे डाग चालतात, पण नख अडकेल असे खड्डे काडतुसाच्या घरात किंवा त्याच्या पुढं चार-सहा इंचांत असतील तर ती नळी दाबाला संपली.

दांडा तीन-चार वेळा चालवा. ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) एका झटक्यात खाली यावा, काडतूस बाहेर टाकणारा चिमटा हलावा, उजवीकडचा थेंबासारखा दर्शक प्रत्येक वेळी फिरावा. रिकामी ठोकू नका, जुन्या स्ट्रायकरचं (काडतुसावर आदळणाऱ्या पिनेचं) टोक तुटतं. स्क्रूच्या खाचा चिरडलेल्या असतील तर आधी कुणीतरी चुकीच्या पेचकसानं आत डोकावलं आहे. दस्ता आतल्या लांब बोल्टनं घट्ट धरलेला असतो. मानेची चीर वरवरची असेल तर काही बिघडत नाही, पण पिळून बघितल्यावर तोंड उघडत असेल तर भाव उतरवा.

शहापूरवाला

आभार दोघांचे. तोंड ११.५ मिमी आलं, बाणाची जोडी सापडली. एन सरळ आहे. लाकूड उचलायला मालक तयार नाहीत. आणि तो एक बार?

लोहारगल्ली

बार विसरा. त्या काडतुसात ४८० ग्रेनची गोळी (३१ ग्रॅम) आणि ८५ ग्रेन काळी दारू (साडेपाच ग्रॅम) असायची. ते आपल्या दुकानांत मिळत नाही. घरी भरायचं म्हणजे कायद्याच्या नजरेत दारूगोळा तयार करणं, त्याला वेगळा परवाना. "बारा बोअरची फोडून आजची दारू घालतो" म्हणणारा एखादा कारागीर भेटेल. बिनधुराची दारू तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त दाब देते, आणि ब्लॉक तुमच्या चेहऱ्यासमोर आहे. भिंतीसाठी घ्यायची असेल तरच घ्या. लाकूड उचलू देत नसतील तर लाकडाखाली गंज आहे असं धरूनच भाव बोला, तोही वारसाचे कागद झाल्यावर.

कणकुंबीकर

घेतलीच तर पावसाचं आधी ठरवा. कणकुंबी-जांबोटी सोडाच, बेळगाव शहरातही जून ते सप्टेंबर उघडं लोखंड महिन्याभरात तांबडं पडतं.

बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल आणि कमावण्यातलं आम्ल धरून बसतं. काचेच्या कपाटात सिलिका जेल, रंग बदलला की तापवून परत. चालू गंजावर तेल टाकून दोन दिवस मुरू द्या, मग ०००० नंबरची स्टील वूल हलक्या हातानं. पॉलिश पेपर, बफ, नवं ब्लूइंग (लोखंडावरचा निळा-काळा थर) यांनी ठसे पुसट होतात आणि निम्मी किंमत जाते. लोखंडावर शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ थर. लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल, चिंधीवर चार थेंब, व्हार्निश नाही. दस्त्याच्या उजव्या अंगाला गोल शिक्का असेल तर तिथं घासूच नका.

आणि परवान्यावर घेतली तर निवडणुकीत आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायला सांगतात. तिथल्या खोलीत महिना-दोन महिने कुणी पुसणार नाही. देण्याआधी नळीत आणि बाहेर जाड ग्रीस लावा, पावतीवर क्रमांक आणि स्थिती लिहून घ्या, सोबत फोटो ठेवा. परत आली की त्याच दिवशी ग्रीस काढून नळीतून पांढरी चिंधी फिरवा, तांबडं निघालं तर पुन्हा तेल.

शहापूरवाला

वारसाचे कागद होईपर्यंत थांबतो. डीसी ऑफिसला अर्ज या सोमवारी देतो, फोटो आणि मोजमापं लावून.

खानापूरकर

पोच शिक्क्यासकट घ्या. अर्ज कन्नडमध्येही जोडा, टेबलावरून लवकर पुढं सरकतो.