कॉर्बिन : निव्वळ अपयश?

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन यांची कारकीर्द म्हणजे निव्वळ अपयश, असे म्हटले जाते; हे मत मला घाईचे वाटते. २०१५ मध्ये मजूर पक्षाच्या नेतेपदासाठी लागणाऱ्या ३५ खासदारांच्या शिफारशी त्यांना मुदत संपता संपता मिळाल्या, त्याही काहींनी निदान चर्चा तरी व्हावी म्हणून दिलेल्या. मतदानात मात्र त्यांनी जवळपास ६० टक्के मते घेतली. २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्ष ४० टक्के मतांवर गेला आणि तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचे बहुमत हुकले. २०१९ चा पराभव दारुणच (जेमतेम २०२ जागा), आणि ब्रेक्झिटवरची (ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्यावरची) धरसोड त्याला बरीचशी कारणीभूत, हे मान्य. तरीही पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर २०२४ मध्ये ते लंडनमधील इस्लिंग्टन नॉर्थ या १९८३ पासूनच्या आपल्या मतदारसंघातून अपक्ष म्हणून सात हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले.