मदत हवी आहे: रेडटेल कॅटफिशचं पिल्लू, सोबत ऑस्कर आणि अरोवाना

मंडळी, घाईत लिहितोय, जाणकारांनी लवकर सांगा.

टाकी ६ फूट लांब, २ रुंद, २ उंच, म्हणजे साधारण ६८० लिटर. दोन ऑस्कर (१० इंची), एक सिल्व्हर अरोवाना (१८ इंची), एक सेव्हरम आणि एक रेडटेल कॅटफिश. सेव्हरम आता नाही, त्याचंच सांगायचंय.

रेडटेल आणला तेव्हा जेमतेम ३ इंचांचा होता. पाठ काळी, पोट पांढरं, शेपूट लाल. ऑस्कर त्यालाच खातील या भीतीने पहिले पंधरा दिवस मी त्याला जाळीच्या पेटीत ठेवलं होतं. साडेतीन महिन्यांत तो ११ इंचांचा झाला. स्वभावाने इतका शांत की दिवसभर पाइपच्या तुकड्यात पडून असतो. ऑस्करने ढुशी दिली तर निमूट बाजूला सरकतो. कोळंबी हातातून घेतो, आधी मिशांनी बोटं चाचपतो आणि मग अलगद ओढतो. या शांतपणामुळेच मी निर्धास्त राहिलो.

चार दिवसांपूर्वी पहाटे टाकीचा दिवा लावला तर त्याच्या तोंडातून सेव्हरमची शेपटी बाहेर आलेली. सेव्हरम चांगला ४ इंची होता, अंगाने रुंद. कॅटफिशचं पोट चेंडूसारखं तट्ट, कातडी ताणून पातळ झालेली, कल्ले भराभर हलत होते. ओढून काढावं का, या विचारात मी दहा मिनिटं तिथेच उभा होतो. शेवटी दिवा बंद केला. संध्याकाळपर्यंत शेपटी आत गेली. तेव्हापासून त्याने काहीच खाल्लेलं नाही. पोट अजून फुगलेलंच आहे, पण श्वास आता संथ आहे.

तापमान २७ अंश. पाण्यात माशांच्या घाणीतून साठणारी विषारी द्रव्यं तपासली: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, त्यांच्यापेक्षा सौम्य नायट्रेट ४० पीपीएमच्या आसपास. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलतो.

सेव्हरमच्या पाठीचे काटे आत रुतले असतील का? औषध घालू का? आणि मध्ये जाळीची भिंत घातली तर या टाकीत सगळे राहू शकतील का? एकाने सांगितलं की पोटभर खायला घातलं की तो इतरांच्या वाटेला जात नाही, आणि मासा टाकीएवढाच वाढतो. हे खरं आहे का? अरोवाना माझ्याकडे दोन वर्षं आहे, त्याला काही झालेलं मला सहन होणार नाही.

प्रतिसाद १

आधी तातडीचं. औषध घालू नका. कॅटफिशला खवले नसतात, त्यामुळे तांबं असलेली आणि तशीच इतर कडक औषधं त्याला इतर माशांपेक्षा फार लवकर बाधतात. शेपटी ओढली नाहीत हे उत्तम केलंत. सेव्हरम सिक्लिड गटातला, आणि या गटातल्या माशांचे पाठीचे काटे मागच्या बाजूला झुकलेले असतात, उलटं ओढलं असतं तर ते घशात उघडले असते.

मोठा घास गिळल्यावर हा मासा चार-सहा दिवस, कधी आठवडाभरही खात नाही. श्वास संथ आहे, तोंड नीट मिटतंय, पोट हळूहळू उतरतंय, एवढं दिसत असेल तर थांबा. त्याला जाळ्यात धरू नका. घाबरला तर गिळलेलं बाहेर टाकेल आणि अर्धवट पचलेला मासा पाण्यात सुटला की अमोनिया झपाट्याने चढेल. हलवायचेच असतील तर ऑस्कर हलवा. अमोनिया रोज तपासा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही स्वभाव पाहिलात, या माशाचं तोंड पाहायला हवं होतं. रेडटेल भांडत नाही, दुसऱ्याला हाकलत नाही. तोंडात मावेल ते रात्री गिळतो, आणि त्याच्या तोंडात आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मावतं. पोट भरलेलं असलं तरी गिळतो. ऑस्कर निदान जाड आहेत. अरोवाना लांब पण सडपातळ, त्यामुळे १८ इंच ऐकायला मोठे वाटले तरी तो दुमडून आत जाऊ शकतो. शिवाय रात्री खालून कोणी धडकलं की अरोवाना उडी मारतो, तेव्हा झाकणावर आजच वजन ठेवा.

मासा टाकीएवढाच वाढतो हे साफ खोटं. हा ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला मासा, तिथे ४ फुटांच्या वर जातो. टाकीतही पहिल्या वर्षात दीड-दोन फूट होतो. तुमची टाकी २ फूट रुंद आहे, म्हणजे त्याला वळताही येणार नाही. अशा जागेत तो लहान राहत नाही, वाकडा होतो आणि लवकर मरतो.

खडे असतील तर काढा, तेही गिळतो. काचेचा हीटर उघडा ठेवू नका, जाळीचं आवरण घाला किंवा संपमध्ये (टाकीला जोडलेल्या, पाणी गाळणाऱ्या वेगळ्या टाकीत) हलवा. खायला लागल्यावर दोन दिवसांआड बुडणारे पेलेट्स (माशांच्या खाद्याच्या गोळ्या), कोळंबी, माशाचे तुकडे द्या. जिवंत मासे खायला देऊ नका, त्यातून रोग येतात. आणि कितीही अडचण झाली तरी त्याला नदी-तलावात सोडू नका.

प्रतिसाद २

जाळीच्या भिंतीबद्दल माझा अनुभव. माझा रेडटेल १४ इंची असताना मी प्लास्टिकची जाळी सिलिकॉनने चिकटवली होती. तिसऱ्या रात्री त्याने डोक्याने रेटून ती तिरकी केली. सकाळी पलीकडच्या टिनफॉइल बार्ब माशांतला एक कमी होता. त्या भरवशावर राहू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल, सातव्या दिवशी, पोट सपाट झालं आणि रात्री त्याने एक कोळंबी घेतली. अमोनिया चढला नाही. ऑस्कर ४ फुटी टाकीत गेले, तिथे दाटी होतेय पण जिवंत आहेत. अरोवानाला मित्राने त्याच्या ६ फुटी टाकीत जागा दिली. खडे काढले, हीटर संपमध्ये टाकला.

म्हणजे आता मोठ्या टाकीत कॅटफिश एकटाच आहे. त्यालाही इथे ठेवता येणार नाही हे पटलंय. एका सार्वजनिक मत्स्यालयात विचारलं, तर त्यांच्याकडे असेच सोडून दिलेले आधीच भरपूर आहेत म्हणाले. तेव्हा कोणाकडे घरात बांधलेलं, पाणी गरम ठेवता येणारं मोठं तळं असेल आणि त्यात गिळता येतील असे मासे नसतील, तर कृपया निरोप करा. घाई नाही, सहा महिने मी सांभाळू शकतो. हातातून खातो. मिशांनी बोटं चाचपायला लागला की हात मागे घेऊ नका, स्थिर ठेवा, मग तो बिचकत नाही.