क्वीन क्रिस्टिना (1933): इतिहास वाचून झाला तरी पिक्चर आवडतोच, काय करायचं?

चहाटळ_मुंगी
हॉलिवूडची नटी ग्रेटा गार्बो, तिचा क्वीन क्रिस्टिना पहिल्यांदा बघितला तेव्हा स्वीडनच्या इतिहासाबद्दल माझी पाटी कोरी होती. सतराव्या शतकातली राणी, बर्फ, घोडे आणि गार्बो, मला तेवढं पुरलं. राणी पुरुषी कपड्यात फिरायला निघते, बर्फामुळे एका सराईत अडकते, तिथे स्पेनच्या राजाचा वकील (म्हणजे राजदूत) येतो, खोली एकच शिल्लक, तो हिला पोरगा समजतो, पुढचं तुम्हीच ओळखा. शेवटी बाई त्याच्यासाठी राज्य सोडते.

मग हौसेने वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की यातलं जवळपास काहीच घडलेलं नाही. अंतोनिओ पिमेंतेल नावाचा वकील खरा होता, 1652 ला स्टॉकहोमला आला, पण त्या प्रेमकथेला काही आधार नाही आणि तो तिच्यापायी तलवारबाजीत मेलाबिला तर अजिबातच नाही. शिवाय पिक्चरमध्ये तो स्पेनच्या चौथ्या फिलिपचं स्थळ घेऊन येतो, आणि खऱ्या फिलिपचं दुसरं लग्न 1649 लाच होऊन गेलेलं, तेही सख्ख्या भाचीशी!

नवरा म्हणतो, आपल्याकडचा ऐतिहासिक पिक्चर लागला की पगडी चुकली, दागिने चुकले म्हणून सगळ्यांचं डोकं खातेस आणि इथे अख्खी गोष्ट खोटी तर डोळे पुसत बसतेस. मुद्दा बिनतोड आहे. तरी मी परत बघणारच. तुमचं कुणाचं होतं का असं?

बखरकार
ताई, बघा खुशाल. फक्त गादी सोडण्याचं खरं कारण त्या प्रेमकथेपेक्षा जबरदस्त आहे, ते वाया गेलं याचं मला वाईट वाटतं. हिचा बाप गुस्ताव अडॉल्फ, प्रॉटेस्टंट बाजूने कॅथलिकांविरुद्ध लढताना 1632 ला ल्युत्झेनच्या लढाईत पडला, तेव्हा ही जेमतेम सहा वर्षांची. आणि त्याच बापाची ही एकुलती एक मुलगी कॅथलिक व्हायचं ठरवते! स्वीडनच्या गादीवर बसून ते शक्यच नव्हतं. लग्न करायचं नाही हे तर आधीपासून पक्कं होतं, चुलत/आतेभाऊ जो काय तो कार्ल गुस्ताव (आत्याचा मुलगा), त्याला वारस नेमून टाकला आणि मोकळी झाली. 6 जून 1654 ला उप्साला इथे गादी सोडली, पुरुषाच्या वेषात डेन्मार्कमधून निसटली, त्याच डिसेंबरमध्ये ब्रसेल्सला गुपचूप धर्म बदलला आणि पुढच्या वर्षी इन्सब्रुकला उघडपणे.

गंमत म्हणजे या गुप्त खटपटीत पिमेंतेल होताच. म्हणजे स्पेनच्या वकिलाचा आणि गादी सोडण्याचा संबंध हॉलिवूडने हवेतून काढलेला नाही, धर्म काढला आणि तिथे प्रेम बसवलं एवढंच.

आणि तो मुकुटाचा सीन, जो सगळ्यात फिल्मी वाटतो, तोच खरा आहे. मुकुट उतरवायचं काम पेर ब्राहे नावाच्या बड्या सरदाराकडे होतं, तो जागचा हललाच नाही, शेवटी तिनेच डोक्यावरून काढला.

रीळवाला
मला विचाराल तर हा पिक्चर क्रिस्टिनावर नाहीच, गार्बोवर आहे. ती स्वतः स्टॉकहोमची, तिच्या देशाची राणी, आणि हिरो म्हणून आधी लॉरेन्स ऑलिव्हिएला घेतलेलं, त्याला काढून हिने जॉन गिल्बर्टला आणायला लावलं. गिल्बर्ट म्हणजे मूकपटातला तिचा जुना जोडीदार, पडद्यावरचाही आणि बाहेरचाही, बोलपट आल्यावर बिचाऱ्याची गाडी रुळावरून घसरलेली. हे माहीत असेल तर दोघांचे सीन वेगळेच दिसतात.

सराईतला तो सीन परत बघा ताई. निघायच्या आधी ती खोलीभर फिरते, प्रत्येक वस्तूला हात लावते, चरख्याशी थांबते, पलंगाच्या खांबाला बिलगते, उशीवर गाल टेकते, गिल्बर्ट विचारतो हे काय चाललंय, तर म्हणते खोली पाठ करतेय. दिग्दर्शक रूबेन मामूलियनने हा सीन मेट्रोनोम (ताल धरायचं यंत्र) लावून, त्याच्या ठोक्यावर बसवला होता, म्हणून ती चालत नाही, नाचतेय असं वाटतं. आणि शेवटी जहाजावर कॅमेरा चेहऱ्याजवळ जात राहतो तेव्हा त्याने तिला सांगितलेलं की काहीच विचार करू नकोस, चेहरा कोरा ठेव. यात सनावळी कुठे शोधत बसणार?

उंबरठ्याबाहेर
मी उलट्या पार्टीतली. कपडे, स्थळं, तारखा चुकल्या तर चुकू देत. पिक्चरमध्ये राणी फ्रेंच नाटककार मोलिएर वाचताना दाखवलीय, तो पॅरिसला गाजायला लागला 1658 नंतर, तोवर ही गादी सोडून बसलेली, पण त्याचंही मला काही वाटत नाही. माझ्या डोक्यात जातं ते हे, की फ्रेंच तत्त्वज्ञ डेकार्टला स्टॉकहोमला बोलावून घेऊन ऐन थंडीत पहाटे पाचला शिकवणीला उभं करणारी बाई (1650 च्या फेब्रुवारीत तिथेच न्यूमोनियाने गेला तो), तिने स्वतःच्या डोक्याने घेतलेला निर्णय तुम्ही एका देखण्या माणसाच्या नावावर टाकता. ही चूक नाही, हे तिचं डोकंच काढून घेणं झालं.

हां, एक कबूल. राणीने दरबारातल्या सखीचा, एब्बा स्पारेचा, ओठांवर मुका घेतलेला त्यांनी ठेवला. 1934 च्या मध्यापासून पिक्चरमध्ये काय दाखवायचं याची हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली, एक वर्ष उशीर झाला असता तर तो उडालाच असता. आणि एब्बा खरी होती, क्रिस्टिना रोमहून तिला पत्रं लिहायची.

चहाटळ_मुंगी
@उंबरठ्याबाहेर, मान्य, आणि हे वाचून आता जरा टोचायला लागलंय. पण नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं साधं आहे, स्वीडन लांब आहे. काशीबाई आणि मस्तानीला एकत्र नाचवलं तेव्हा मी चिडले कारण ते लोक माझ्या शाळेच्या पुस्तकातले, शनिवारवाडा मी पाहिलेला. क्रिस्टिनाच्या बाबतीत काय खोटं आहे हे कळायलाच मला पुस्तकं शोधावी लागली. म्हणजे मी मोठ्या मनाची वगैरे काही नाही, मला तिथलं दुखत नाही एवढंच. एखाद्या स्वीडिश माणसाला विचारलं पाहिजे.

बखरकार
प्रामाणिक उत्तर! आता एक काम करा, सेबास्तियाँ बुर्दोंने काढलेलं तिचं घोड्यावरचं चित्र बघा, ते फिलिपलाच पाठवलेलं, आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. खरी राणी बुटकी, नाक मोठं, एक खांदा वर एक खाली, कपड्यांची फिकीर नाही. गार्बो कुठे आणि ही कुठे.

आणि पुढच्या आयुष्याबद्दलही वाचा. 1657 ला फ्रान्समध्ये फोंतेनब्लोच्या राजवाड्यात, म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाहुणी असताना, हिने आपल्या पदरच्या मोनाल्देस्की नावाच्या माणसाला दगाबाजी केली म्हणून तिथल्या तिथे मारायला लावलं. आत चिलखत घातलेलं असल्यामुळे तो लवकर मरेना, दालनात बराच वेळ ते चाललं होतं. अख्ख्या युरोपात बोंब झाली, आणि ही शेवटपर्यंत म्हणत राहिली की मला तो अधिकार होता.

उंबरठ्याबाहेर
बघा, हिच्यावर पिक्चर काढायला हवा होता. गार्बोच घेऊन.