कान टोचल्यानंतरचे दिवस : आपापले अनुभव लिहावेत

वऱ्हाडची आजी : परवा गावच्या सोनाराने नातीचे कान टोचले. रात्री झोपेतही तिचा हात कानाकडे जाताना पाहून मला माझे सातवे वर्ष आठवले. माझे कान ऐन कापूसवेचणीत टोचले होते. सोन्याची बारीक तार, वरून हळद-तेल, आणि रोज सकाळी तार फिरवायचीच, असा आईचा दंडक होता. रात्रीतून खपली धरून तार पाळीला चिकटलेली असे आणि फिरवताच जखमेचे तोंड पुन्हा उघडे. त्यात ओटीतल्या कापसाचा एक तंतू तारेला गुंडाळला गेला, तो कोणाच्या लक्षात आला नाही, आणि चौथ्या दिवशी पाळी बोरासारखी टम्म झाली. नातीच्या बाबतीत ही चूक नको, म्हणून विचारते, तार रोज फिरवावी का?

उपकेंद्रातली ताई : मावशी, तार मुळीच फिरवू नका, फिरवल्याने आत धरू लागलेली नवी कातडी फाटते आणि बाहेरची खपली छिद्रात ओढली जाते. एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा साधे मीठ विरघळवा, हात साबणाने धुवा, आणि स्वच्छ कापडाची घडी त्यात भिजवून पाळीला पुढून-मागून दोन-तीन मिनिटे लावून धरा. खपली मऊ झाली की स्वतःच निघते. स्पिरिट लावू नये, हळद-तेलही नको. पाळी भरायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. सुरुवातीला पांढुरके पाणी येऊन वाळते, त्याची भीती नाही. परंतु घट्ट पिवळा-हिरवा पू, वाढती सूज किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

यवतमाळकर : मी कॉलेजात असताना हौसेने कानाचा वरचा भाग एका दुकानात बंदुकीने टोचून घेतला. आठवड्यात कान लाल, गरम आणि उशीला टेकवता येणार नाही इतका दुखरा झाला. डॉक्टरांनी समजावले की तिथे कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊती, असते, तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरायला 6 महिने ते वर्षही लागते आणि तिथला संसर्ग अंगावर काढला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. शिवाय प्लास्टिकची बंदूक उकळून निर्जंतुक करता येत नाही. औषधाने माझा कान वाचला. हौस मात्र तिथेच संपली.

शेतकरी दादा : सोनारानेच कान टोचावे हे खरे, पण आमच्या सोनाराने हात धुतले ते पैसे घेतल्यानंतर.

लग्नघरची सून : दादांचे वाचून हसू आवरले नाही. माझी चूक वेगळी होती. तिसऱ्याच आठवड्यात, दिराच्या लग्नासाठी, बाजारातले खोटे डूल घातले. हळदीच्या दिवशी पाळ्या खाजून खाजून ओल्या झाल्या. बहुतेक तो निकेलचा त्रास असावा, कारण सोन्याने मला कधीच काही होत नाही. डूल काढून ठेवले, तर उजवे छिद्र पंधरा दिवसांत बुजले. सासूबाई झाडूची काडी घालायला सांगत होत्या. ते मी ऐकले नाही आणि पुढे पुन्हा टोचून घेतले.

वऱ्हाडची आजी : ताई, तुम्ही सांगितले तसे करते आहे. ओढणी अडकू नये म्हणून नातीचे केस वर बांधते. आज डाव्या पाळीची खपली कापडावरच निघून आली आणि खाली कोरडी, गुलाबी कातडी दिसली. माझी आई मात्र खाटेवरून रोज सकाळी विचारते, "तार फिरवली का?"