मॉर्मन मिशन: धर्मांतर नक्की कोणाचं होतं?

लेहायकर

आम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, लेहाय गावात. सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे गावात मराठी घरं आहेत, पण आमच्या गल्लीत आम्ही सोडून झाडून सगळे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे. शेजारच्यांच्या धाकट्याला गेल्या महिन्यात 'कॉल' आला, म्हणजे धर्मप्रचाराच्या 'मिशन'वर जायचं बोलावणं: जपान, नागोया. कुठे जायचं ते मुलगा ठरवत नाही, चर्चचं मुख्यालय ठरवतं. ती ईमेल उघडायला सगळं गणगोत जमलं होतं, आम्हालाही बोलावणं होतं. नाव वाचल्यावर जो जल्लोष झाला, तो आपल्याकडे आयआयटीत नंबर लागल्यावरही होत नसेल.

मुलगा अठराचा. शाळा संपली की मुलांनी २४ महिने जायचं, मुलींची इच्छा असेल तर १८ महिने. २०१२ पर्यंत मुलांना १९ वर्षांची अट होती, ती १८ वर आणली. पगार नाहीच; उलट अमेरिकन मुलाच्या घरून दरमहा ५०० डॉलर भरायचे, म्हणजे दोन वर्षांचे १२ हजार. युटातल्याच प्रोव्हो शहरातल्या चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे जपानी घोकायची आणि मग थेट लोकांची दारं.

त्याचा थोरला भाऊ ब्राझीलला जाऊन आलाय. त्याच्याकडून दिनक्रम ऐकला. साडेसहाला उठायचं, व्यायाम, धर्मग्रंथ, भाषेचा अभ्यास, मग दिवसभर बाहेर, रात्री साडेदहाला दिवे बंद. एकट्याने कुठे जायचं नाही. जोडीदार चोवीस तास सोबत, तो कोण हेही वरूनच ठरतं, आणि दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. स्वतःचं नावसुद्धा राहत नाही, दोन वर्षं नुसतं 'एल्डर' आणि आडनाव. आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला आणि बाजारहाटाला. घरी दर आठवड्याला बोलता येतं, पण तेही २०१९ पासून. त्याआधी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला.

आता माझं मत. जपान्यांना मॉर्मन करायला ही यंत्रणा चालते, हे मला पटत नाही. जपानात हे लोक १९०१ पासून जाताहेत (मध्ये १९२४ ते १९४८ बंद होतं), आणि आज चर्चच्याच पटावर बारा कोटींत सव्वा लाखाच्या आसपास माणसं. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात ही शाखा कधीच बंद झाली असती. ती चालते, कारण धर्मांतर त्या पोराचं होतं. ज्या वयात शंका यायच्या, नेमक्या त्याच वयात त्याने रोज परक्या माणसांना परक्या भाषेत सांगायचं, की हे खरं आहे हे मला माहीत आहे. दोन वर्षं हेच बोलल्यावर शंकेला शिरायला जागा कुठे? मला हा त्या मुलावर अन्याय वाटतो.

नागोयाचे नाना

साफ असहमत. तुम्ही निरोप देणारं टोक पाहिलंत, मी उतरणारं टोक बघतो.

इथे ते सायकलवर फिरतात, डोक्यावर हेल्मेट, पांढरा शर्ट, छातीवर काळी पाटी. बेल वाजवतात, आतून इंटरकॉमवर 'केक्को देस' येतं, म्हणजे नको, धन्यवाद. पुढचं दार, तेच उत्तर. घरी ज्याने कधी नकार ऐकलेला नाही असा पोरगा दिवसभर नकार ऐकतो, तोही कमरेत वाकून दिलेला. महिन्याभरात त्याचं तोंड उतरतं. सहा महिन्यांनी बघा, तोच पोरगा बोलणं कमी करून ऐकायला लागलेला असतो. आमच्या इमारतीतल्या आजींचं घर हलवायचं होतं तेव्हा दोघे आले, सगळी खोकी उतरवली, आणि ग्रंथाचं नावही काढलं नाही.

शिकवायची पद्धतही मला माहीत आहे, कारण कुतूहल म्हणून मी बसलोय. आधी प्रार्थना. मग १८२० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथ नावाच्या शेतकऱ्याच्या पोराला देवदर्शन कसं झालं ते. मग मॉर्मनचा ग्रंथ हातात देतात आणि म्हणतात, आमचं ऐकू नका, वाचा आणि देवालाच विचारा. नियम नंतर येतात: दारू, तंबाखू, कॉफी, चहा बंद, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. चहात जपानी हिरवा चहाही आला. इथे कोणाच्याही घरी गेलं की पहिला तोच पुढे येतो! पोरं बिचारी बार्लीचा मुगिचा मागून घेतात, तो चालतो.

आणि शंकेला जागा नसते हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला तर समोर शिकवायला बसलेला पोरगाच जास्त चाचपडताना दिसला.

पेठेतला

लेहायकर, तुम्ही मुलाला सोळाव्या वर्षी लातूरला किंवा कोट्याला पाठवलं असतंत का? तिथेही साडेसहाला उठायचं, सिनेमा नाही, मैत्रीण नाही, फोन मोजून. शिवाय लाखोंची फी. तो अन्याय नाही, ते 'करिअर' होय?

लेहायकर

पेठेतले, फरक आहे. कोट्याहून पोरगा परत आला आणि म्हणाला, मला फिजिक्स झेपत नाही, तर आईबाप चार दिवस बोलतील. इथे मुदतीआधी परत आलेल्या मुलाकडे रविवारच्या प्रार्थनेला लोक कसे बघतात ते मी पाहिलंय. कोणी टाकून बोलत नाही. फक्त 'बरा आहेस ना?' असं आजारी माणसाला विचारतात तसं विचारतात.

पेठेतला

कोट्याहून परत आलेल्यांना कसं विचारतात, तेही कधी ऐका.

सिंहगर्जना

कसली चर्चा करताय? धर्मांतर करणारे सगळे एका माळेचे मणी. व्हिसा रद्द करा, विषय संपला.

लेहायकर

रशियाने २०१६ मध्ये रस्त्यावर आणि घरोघरी प्रचार करण्यावर बंदी घातली. तिथल्या मिशनऱ्यांना चर्च तेव्हापासून 'स्वयंसेवक' म्हणतं, पोरं जातच राहिली. आणि जाता जाता: आमच्याकडे स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचं मंदिर आहे. तिथल्या होळीला रंग खेळायला येणाऱ्या हजारोंमध्ये बहुसंख्य मॉर्मन तरुण असतात. मंदिर बांधताना मॉर्मन चर्चने देणगीही दिली होती. तुमच्या माळेत हा मणी कुठे ओवायचा ते सांगा.

लीड्सची वसुधा

नानांचं चित्र गोड आहे, पण त्यात आकडे नाहीत, आणि मिशन आकड्यांवर चालतं. किती जणांना भेटलात, किती धडे दिले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख कबूल केली, हे दर आठवड्याला वर कळवायचं असतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आकडा दिला की तो काय करतो, याचा इतिहास माझ्याच देशात आहे, म्हणजे आता माझ्या. १९६० च्या आसपास इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांनी पोरांना बेसबॉल खेळायला बोलावलं आणि संघात यायचं तर बाप्तिस्मा घ्यायचा, असं चालवलं. 'बेसबॉल बाप्तिस्मे' हे नाव मॉर्मन इतिहासकारच वापरतात. त्यातल्या बऱ्याच मुलांना आपण कशात सामील झालो हेच कळलं नव्हतं. पुढे ती नावं पटावरून काढत बसावं लागलं.

ब्राझीलचं त्याहून वाईट. १९७८ पर्यंत या चर्चमध्ये आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला पुरोहितपद नव्हतं. ब्राझीलसारख्या मिश्र देशात पाठवलेल्या पोरांना लोकांच्या घरी जाऊन पूर्वज कोण होते याचा अंदाज घ्यावा लागायचा. विशीतल्या मुलाकडून हे काम करून घेणं, याला मी घडणं म्हणणार नाही.

नागोयाचे नाना

वसुधाताई, दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही चाळीस-साठ वर्षांपूर्वीच्या. १९८० च्या आसपास टोकियोतही घाईघाईने बाप्तिस्मे उरकले गेले, ते तुम्ही लिहिलं नाहीत, मी लिहितो. पण आज माझ्या दारात उभ्या असलेल्या पोराला त्याचा जाब विचारू?

लीड्सची वसुधा

त्याला नको. त्याला पाठवणाऱ्यांना विचारा. आकडे आजही कळवले जातातच.

प्रोव्होची पाहुणी

मी प्रोव्होत शिकते, वर्गात निम्म्याहून जास्त मुलं मिशन करून आलेली. लेहायकरांचा सिद्धांत मला अर्धाच लागू पडताना दिसतो. काही जण खरंच पक्के होऊन येतात. पण ज्यांनी पुढे चर्च सोडलं, त्यांतल्या दोघातिघांच्या तोंडून ऐकलंय, की सुरुवात मिशनवरच झाली. तैवानला गेलेला एक जण म्हणाला, रोज सकाळी शेजारच्या देवळात उदबत्ती लावणारी बाई माझ्यापेक्षा शांत होती, आणि मी तिला शांती कशी मिळेल ते सांगायला गेलो होतो. यंत्रणा पोराला घट्ट करायला बांधलीय हे मान्य, पण परदेश ही काही तिच्या हातातली गोष्ट नाही.

मुलींबद्दल कोणीच बोललं नाही. मुलांसाठी मिशन कर्तव्य मानतात, मुलींसाठी ऐच्छिक. त्यामुळे माझ्या पाहण्यातल्या 'सिस्टर', म्हणजे मिशनवरच्या मुली, स्वतः ठरवून गेलेल्या असतात, आणि मला तरी त्या मुलांपेक्षा जास्त विचारी वाटल्या. त्यांना थंडीत सायकल चालवतानाही स्कर्टच लागायचा. पँट घालायची परवानगी मिळाली २०१८ च्या डिसेंबरात! यावर एक वेगळा धागा निघेल.

नगरची लेक

आमचं घराणं मराठी ख्रिस्ती, चार पिढ्यांचं, म्हणून लिहिते. पहिलं म्हणजे सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. कॅथलिक चर्चने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णयच दिलाय.

दुसरं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्याशी माझे शंभर मतभेद आहेत, पण ते राहिले. मराठी शिकले, शाळा काढल्या, १८४२ मध्ये नगरात 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं, पुष्कळांच्या कबरी इथेच आहेत. मॉर्मनही आले होते बरं. ह्यू फिंडले १८५१ मध्ये मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात चिमुकली शाखाही काढली, आणि काही वर्षांत सगळं गुंडाळलं गेलं. पुण्यात कोणाला आठवतं?

तुम्ही सगळे त्या मुलाचं काय होतं यावर भांडताय. ज्याला शिकवलं त्याचं काय? नवखा माणूस धर्म बदलतो तो बहुतेकदा समोरच्या दोन प्रेमळ पोरांमुळे. आणि सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघाली की ती पोरं दुसऱ्या शहरात. याचं घर मात्र नाराज, भाऊबंद दुरावलेले. आमच्या खापरपणजोबांना वाळीत टाकलं तेव्हा मिशनचा बंगला शेजारी होता, निदान जायला दार तरी होतं.

नागोयाचे नाना

मुद्दा बिनतोड आहे. फक्त इथली एक गोष्ट सांगतो: मंडळी चालवतात ती स्थानिक जपानी कुटुंबं, सगळी बिनपगारी. धर्मगुरू म्हणून बसणारा गृहस्थ सोमवारी कचेरीत जातो. त्यामुळे नवा माणूस अगदीच वाऱ्यावर नसतो. निदान कागदावर.

ज्यांचं घर हलवलं त्या आजी चर्चच्या फुकट इंग्रजी वर्गाला कित्येक वर्षं जाताहेत. एल्डर येतात, बदलून जातात. आजींनी बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेणार नाहीत, आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

नगरची लेक

म्हणजे दर बदलीला नवा पोरगा त्यांना तोच पहिला धडा पहिल्यापासून शिकवणार.

नागोयाचे नाना

हो, आणि आजी दर वेळी त्याचं जपानी दुरुस्त करणार. लेहायकर, तुमच्या शेजाऱ्याच्या पोराला सांगा, क्रियापदांची आदरार्थी रूपं घोटून ये. आजी तिथेच पकडतात.