अनुभव धागा: किटची बिअर, आंबवण्याचे प्रयोग आणि फसलेल्या बाटल्या

लीड्सला सहा वर्षं काढून मागच्या दिवाळीत मी इंदूरला परत आलो. तिथे घरी बिअर करायला लागलो होतो, तयार किटमधून. राजेंद्रनगरच्या कट्ट्यावर सहज विषय निघाला, तर परदेशी राहून आलेल्या तिघाचौघांनी हे केलेलं निघालं. म्हणून हा धागा. जमलेलं लिहा, फसलेलं तर जरूर लिहा.

एक गोष्ट आधीच. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती बिअर करायला १९६३पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे मध्य प्रदेश आबकारी कायदा, १९१५ लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू गाळणं किंवा बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा बिअरचे अनुभव तिकडचेच येऊ द्या. इंदूरकरांनी कांजी, आल्याचं फसफसतं सरबत असलं काही लिहावं. आंबवण्याची विद्या एकच आहे.

सुरुवात माझ्यापासून. किट म्हणजे साधारण पावणेदोन किलोचा डबा, आत काकवीसारखा दाट पाक. बार्लीला मोड आणायचे, वाळवून भाजायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची आणि ते पाणी आटवायचं, एवढं सगळं कारखान्यात झालेलं असतं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं, त्यांचा कडूपणाही त्यातच. डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा आईच्या नाचणी सत्त्वाच्या डब्याची आठवण झाली, इतका तो वास जवळचा. डबा गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा, पाक पातळ झाला की उकळत्या पाण्यात साखरेबरोबर विरघळवायचा, थंड पाणी घालून २३ लिटर करायचं आणि झाकणाखालच्या पुडीतलं यीस्ट वर भुरभुरायचं. अर्ध्या तासाचं काम.

माझी चूक पुढे झाली. सहाव्या दिवशी एअरलॉकमधले (झाकणावरची पाण्याची नळी, आतला वायू बाहेर जाऊ देते, हवा आत येऊ देत नाही) बुडबुडे थांबले, मला वाटलं झालं. बाटल्या भरल्या, प्रत्येकीत फेसासाठी साखर घातली. दहा दिवसांनी पहिली उघडली तर अर्धी बाटली छतावर. साखर आत शिल्लक होती आणि मी वरून आणखी दिली होती. बुडबुड्यांवर विसंबू नका, झाकण जरा सैल असलं तरी ते थांबतात. हायड्रोमीटर घ्या, द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी; साखर आंबत जाते तसा तिचा आकडा उतरतो. सुरुवातीला १.०४०च्या आसपास असलेला आकडा १.०१०च्या आसपास उतरून दोन-तीन दिवस तिथेच राहिला, की मगच बाटल्या.

रामबाग, लेकाकडे मेलबर्नला चार महिने:

मी पीत नाही, पण चार महिने घरात हेच चाललेलं पाहिलं म्हणून लिहिते. जानेवारीत तिकडे कडक उन्हाळा. आमच्या मुलाने पिंप गॅरेजमध्ये ठेवलं होतं. तयार झालेली बिअर चमचाभर चाखली, तर नेलपॉलिशसारखा वास आणि घशाला चटका. तो म्हणाला किट खराब निघालं. मी म्हटलं, अरे, मे महिन्यात डोशाचं पीठ रात्रभर बाहेर ठेवलं तर काय होतं? यीस्टही जीवच आहे, उकाड्यात उतावळं होतं.

पुढच्या वेळी सूनबाईने मोठ्या टबात पाणी भरलं, त्यात पिंप ठेवलं, वरून ओली चादर गुंडाळली आणि चादरीचं टोक पाण्यात सोडलं. आपला माठ गार राहतो तसंच. सकाळ-संध्याकाळ बर्फाची एक बाटली टबात. थर्मामीटर २० अंशांवर राहिला. त्या खेपेची बिअर मुलाच्या मित्रांनी मागून नेली. पहिले तीन-चार दिवस गारवा सांभाळा, वास बिघडतो तो तेव्हाच.

नारायण बाग, आता मिनिआपोलिस:

काकू, माझं उलटं. डिसेंबरात तळघरात १३ अंश. चार दिवस काहीच हालचाल नाही, सगळं ओतून देणार होतो. बायकोने पिंप वर स्वयंपाकघरात आणून गोधडी पांघरली, दुसऱ्या दिवशी फेस. ओतून देण्याआधी ऊब देऊन बघा.

लोकमान्य नगर, पूर्वी ऑकलंड:

किटवर लिहिलेलं असतं की एक किलो साखर घाला. साधी पांढरी साखर पूर्ण आंबून जाते, मागे चव काही ठेवत नाही, म्हणून बिअर पाणचट आणि जराशी तिखट लागते. मी निम्म्या साखरेच्या जागी सुकं माल्ट, म्हणजे त्याच बार्लीच्या पाकाची भुकटी, घालायला लागलो आणि फरक लगेच कळला. एकदा भारतीय दुकानातला गूळ घातला, पाव किलोच. रंग सुंदर आला, चव कोरडी आणि थोडी रमसारखी. मला आवडली, मित्रांना नाही.

दुसरं, भांडी मी ब्लीचने धुवायचो आणि घाईत एकदाच विसळायचो. सबंध पिंपाला दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास लागला. तो क्लोरीनचा प्रताप, आणि एकदा लागला की जात नाही. आता सोडियम परकार्बोनेट वापरतो, ही क्लोरीन नसलेली धुण्याची पावडर. नळाच्या पाण्यालाही क्लोरीनचा वास असेल तर आदल्या दिवशी उकळून ठेवतो.

सुदामा नगर, इंदूर:

मी इथेच असते, बिअर नाही, आल्याचं करते. बरणीत रोज एक चमचा सालासकट किसलेलं आलं आणि एक चमचा साखर, पाच-सहा दिवस. पहिल्या दोन बरण्या मेल्या. मग लक्षात आलं की नर्मदेचं पाणी नळाला येतं ते क्लोरीन घालून. उकळून गार केलेलं वापरलं तर तिसऱ्या दिवशी बुडबुडे.

आता खरी गोष्ट. गेल्या मे महिन्यात हे विरजण घातलेलं आल्या-लिंबाचं गोड पाणी शरबताच्या काचेच्या बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि लग्नाला उज्जैनला गेलो. दोन दिवसांनी आलो तर ओट्यावर, ताटाळ्यात, पिठाच्या डब्यामागे, सगळीकडे काचा. घरात कुणी नव्हतं हे नशीब. माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि त्याच ओट्याशी खेळते. त्या दिवसापासून काच बंद. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिक बाटली घेते, रोज दाबून बघते, कडक लागली की फ्रिजमध्ये. मे महिन्यात एका रात्रीत होते, थंडीत तीन दिवस. बाहेर जायचं असेल तर त्या दिवशी भरायचंच नाही.

स्नेहलतागंज:

भिया, भीत-भीत विचारतो. विषारी दारूच्या बातम्या वाचतो. घरच्या बिअरने तसं होतं का?

लीड्सवाला:

प्रश्न योग्यच आहे. त्या बातम्यांमधला घातक पदार्थ मिथेनॉल, तो बहुतेक वेळा भेसळीतून येतो. बार्लीची बिअर नुसती आंबवतात, गाळत नाहीत, म्हणून मिथेनॉल तिच्यात साठून जोर धरत नाही. धोका बाटली फुटण्याचा आहे, वर ताईंनी लिहिलाय तो.

टोरांटोहून, मूळ घर सुदामा नगर:

मी तीन वर्षं केलं आणि सोडलं. बिअर चांगली व्हायची. पण घरात २३ लिटर असले की मोजमाप राहत नाही, दुकानातून सहा आणताना हात आखडतो तसा आखडत नाही. रोज संध्याकाळी एक, मग दोन. बायकोने एकदा रिकाम्या बाटल्या मोजून आकडा सांगितला. भांडण नाही केलं, नुसता आकडा. मी पिंप शेजाऱ्याला दिलं. इतरांनी सोडावं असं म्हणत नाही, पण धाग्यात हेही असावं. करणाऱ्यांनी अर्धीच खेप घालावी किंवा वाटून टाकावी.

लीड्सवाला:

मनापासून आभार, हे लिहायला सोपं नाही. अर्ध्या खेपेचं आधी सुचायला हवं होतं. पाक अर्धा वापरून उरलेला उकळलेल्या बरणीत, फ्रिजमध्ये, आठवड्याच्या आत.

नारायण बाग, मिनिआपोलिस:

एक राहिलं. दुकानात सवलतीत मिळालेल्या डब्याची तारीख उलटली आहे. घ्यावा का?

लीड्सवाला:

जुना पाक काळपट होतो आणि चव शिळी लागते, तरी चालून जातो. यीस्टचा भरवसा धरू नका, नवी पुडी घ्या.

रामबाग:

पुडी टाकू नका, आधी तपासा. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर साखर, त्यात चिमूटभर यीस्ट, झाकून ठेवा. पंधरा मिनिटांत वर साय धरल्यासारखा फेस आला तर जिवंत आहे.