व्हिलन लोकांच्या सिनेमात व्हिलनच मवाळ का? ('सुसाईड स्क्वॉड', २०१६)

कृष्णाकाठ:
सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या ग्रुपनं परवा डेव्हिड आयरचा २०१६ चा 'सुसाईड स्क्वॉड' आणि जेम्स गनचा २०२१ चा 'द सुसाईड स्क्वॉड' लागोपाठ बघितले. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून इथे मांडतो.

ज्यांनी बघितले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अमांडा वॉलर ही सरकारी अधिकारी तुरुंगातले अट्टल गुन्हेगार बाहेर काढते, त्यांच्या मानेत बॉम्ब बसवते आणि मेले तरी कुणी विचारणार नाही अशा कामगिरीवर पाठवते. जगून परत आले तर शिक्षेत सूट. टोळीचं हे रूप जॉन ऑस्ट्रँडर यांनी १९८७ पासून कॉमिक्समध्ये रंगवलं, आणि ते जबरदस्त आहे.

माझा राग असा की आयरचा सिनेमा स्वतःच्याच माणसांना घाबरतो. बारमधला प्रसंग आठवा. शहर मोडून पडलंय, टोळी दारू पीत बसलीय. टोळीतला डियाब्लो सांगतो की रागाच्या भरात त्यानं स्वतःची बायको-पोरं जाळली. टोळीतलीच हार्ली त्याला ठणकावते, केलंस ते कबूल कर. अख्ख्या सिनेमात गुन्हा गुन्ह्यासारखा समोर येतो तो इथेच. आणि अर्ध्या तासात हाच डियाब्लो म्हणतो, एक कुटुंब गमावलं, दुसरं गमावणार नाही. कुठलं कुटुंब? हे लोक त्याच दिवशी एकमेकांना भेटलेत! डेडशॉट पैसे खात्यात आल्याशिवाय ट्रिगर दाबत नाही, असा पगारी मारेकरी. पण त्याच्याकडे बघून अंगावर काटा येईल असं वाटलं की दिग्दर्शक लगेच त्याची मुलगी आणून उभी करतो. टोळीतल्या बूमरँगचं तर विचारूच नका. टोळीवर नेमलेला लष्करी अधिकारी फ्लॅग सगळ्यांना मोकळं सोडतो, बूमरँग बारमधून उठून निघून जातो आणि पुढच्या शॉटमध्ये टोळीबरोबर चालताना दिसतो. का परत आला, एका शब्दानं सांगितलेलं नाही.

पोस्टरवर व्हिलन म्हणून विकलेत ना? मग व्हिलन दाखवा.

मिरज जंक्शन:
भावा, मला हे अजिबात पटलं नाही. मी हिंदीतनं बघितलाय, थेटरात, मित्रांबरोबर. हार्लीच्या एंट्रीला शिट्ट्या पडल्या होत्या. डेडशॉट झालेला विल स्मिथ त्या पटांगणात एकेक बंदूक उचलून निशाणा लावतो तवा सगळं थेटर गप्प झालेलं. जगभरात ७४ कोटी डॉलरच्या वर कमावले त्या पिक्चरनं. मेकअपचं ऑस्कर मिळालं. समीक्षकांनी झोडपला आणि लोकांनी उचलून धरला, एवढं तरी मान्य करा.

आणि पोरीचं म्हणशील तर, गुन्हेगाराला पोरगी नसती का? आई नसती का? कळंब्याच्या जेलमधी भेटीच्या दिवशी बाहेर कोण उभं असतंय, बघून ये एकदा. माणूस वाईट काम करतो म्हणजे चोवीस तास वाईटच असतो असं नसतंय. मला डेडशॉट त्याच्यामुळंच जवळचा वाटला.

तासगाव नाका:
मिरजकर, कमाईचा आकडा बरोबर, पण पुढचा पण सांगा. दुसऱ्या वीकेंडला अमेरिकेतली कमाई तब्बल दोन तृतीयांशानं खाली आली होती. पहिल्या तीन दिवसांची गर्दी ट्रेलरनं आणली, पिक्चरनं नाही.

जानेवारी २०१६ चा तो ट्रेलर, क्वीन बँडच्या गाण्यावर कापलेला, मी आजही बघतो. त्यात तालावर गोळी सुटते, तालावर काच फुटते. तो इतका चालला की स्टुडिओला अख्खा पिक्चरच तसा पाहिजे झाला. ट्रेलर कापणाऱ्या कंपनीच्या लोकांना संकलनात घेतल्याची बातमी तेव्हाच हॉलिवूडच्या वृत्तपत्रांत आली होती. आता पहिला अर्धा तास परत बघा. प्रत्येक पात्राला एक गाणं, पडद्यावर रंगीत पाटी, दोन मिनिटांचा इतिहास, की झालं, पुढचा. डेडशॉट आणि हार्लीची ओळख तर दोन-दोनदा. खमंग भडंग म्हणून पाकीट फोडावं आणि आत कोरडे चुरमुरे निघावेत, तसं झालं आमचं.

हरिपूरची:
तुम्ही सगळे कमाई आणि संकलनावर बोलताय. मला हार्लीबद्दल बोलायचंय, कारण माझ्या दृष्टीनं या सिनेमाचं सगळ्यात मोठं पाप तिथे आहे.

हार्लीन क्विन्झेल ही मानसोपचार करणारी डॉक्टर. बॅटमनचा वैरी जोकर तिला बांधून विजेचे झटके देतो. मग तिच्याकडून वदवून घेतो की माझ्यासाठी जगशील का, आणि ती रसायनाच्या कुंडात उडी मारते. हा छळ आहे, सरळसरळ छळ. आणि सिनेमा तो कसा दाखवतो? संथ गतीत, वर संगीत, रंग पाण्यात विरघळताहेत, दोघं मिठीत. जणू लग्नाचा व्हिडिओ. त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला मुली निळ्या-गुलाबी शेंड्या बांधून आल्या होत्या, त्याचं मला काहीच वाटलं नाही, हौस आहे. पण पोरांच्या स्टेटसला "अशी जोडी पाहिजे" म्हणून हार्ली-जोकरचे फोटो लागले, तेव्हा पोटात गोळा आला. कृष्णाकाठ म्हणतात व्हिलन मवाळ केलेत. जोकरला तर प्रियकरच करून टाकलाय.

पुष्पराज चौक:
ताई, मीपण मुलगीच आहे आणि तरी हार्लीची बाजू घेणार.

शेवटाकडे एनचँट्रेस, म्हणजे टोळी जिच्याशी लढते ती चेटकीण, प्रत्येकाला त्याची सगळ्यात खोल इच्छा दाखवते, तो तुकडा परत बघा. हार्लीला काय दिसतं? साधं घर, कडेवर बाळ, आणि चेहऱ्यावर रंग नसलेला, ऑफिसला निघालेला जोकर. इतकी साधी इच्छा, आणि ती या माणसाबरोबर कधीच पुरी होणार नाही हे आपल्याला दिसतं. मार्गो रॉबीच्या चेहऱ्यावर ते आहे. मला त्या अर्ध्या मिनिटात रडू आलं होतं. हार्ली मुळात १९९२ च्या बॅटमन कार्टून मालिकेतली, पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी घडवलेली, आणि ती कायम अशीच आहे: हसते आणि आतून तुटलेली. छळ करणाऱ्यावरच जीव जडलेल्या बायका आपल्या आजूबाजूला नाहीत का? त्यांची गोष्ट सांगायचीच नाही का?

हरिपूरची:
सांगायची की! जरूर सांगायची. पण मग कॅमेरा तिच्या बाजूनं ठेवा. तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा तुम्ही म्हणता तसा चांगलाच आहे, मला मान्य. पण शेवट काय? जोकर तुरुंगाची भिंत फोडून तिला घ्यायला येतो आणि थेटरात टाळ्या पडतात. ती टाळी मला टोचते.

आयर कट हवाच:
ताई, तुमचा राग आयरवर नको, स्टुडिओवर काढा. जोकरचे कितीतरी प्रसंग कापले, हे जोकर झालेला जेरेड लेटो स्वतः बोललाय. २०२१ मध्ये आयरनं जाहीर पत्र लिहून सांगितलं की थेटरात आलेला सिनेमा माझा नाही. त्याचा मूळ कट अंधारा होता, जोकर-हार्लीचं नातं त्यात वेगळं होतं. झॅक स्नायडरच्या 'जस्टिस लीग'चा मूळ कट चाहत्यांनी तीन-चार वर्षं लावून धरला आणि मार्च २०२१ मध्ये चार तासांचा आला की नाही? मग आयरलाच का नाही? एका माणसाच्या कामाची मोडतोड करायची आणि शिव्या त्यालाच खायला लावायच्या, हा अन्याय आहे. मी याच्यासाठी लिहीत राहणार.

तासगाव नाका:
दादा, तुमची तळमळ कळते. पण न बघितलेल्या सिनेमाला मी चांगला कसा म्हणू? आणि चाहत्यांच्या नावानं काय-काय चाललं तेही बघा. पिक्चर यायच्या आधीच, नुसती परीक्षणं वाईट आली म्हणून, परीक्षणं एकत्र करणारी रॉटन टोमॅटोज ही साइट बंद करा असा ऑनलाइन अर्ज काढला आणि हजारो लोकांनी त्यावर सह्या केल्या. न बघता! अशानं चाहत्यांचं म्हणणं कोण मनावर घेणार?

नाट्यपंढरी:
पोरांनो, मी वयानं मोठा आहे, नातवाबरोबर दोन्ही सिनेमे बघितले. मी खलनायकाबद्दल थोडं बोलतो, कारण आपल्या गावाला त्याची जुनी ओळख आहे.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत राजेसाहेबांसमोर 'सीता स्वयंवर' केलं. त्या काळच्या खेळांत राक्षसपार्टी यायची ती राळेचा भपका उडवत आणि 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत. पुढची पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची म्हणतात. राक्षस भीतीदायक असला पाहिजे, ही तिथली पहिली अट. पुढे सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' आणलं. त्यांचा कीचक मस्तवाल, सत्तेनं माजलेला, सैरंध्रीला दासी म्हणून मागणारा. बघणाऱ्यांना त्यात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारनं नाटकावर बंदी घातली. खलनायक खरा उतरला की सरकार हादरतं. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या, ती त्यांना मिळालेली पावती होती.

आता त्या एनचँट्रेसकडे बघा. आकाशात कचऱ्याचा भोवरा आणि त्याच्याखाली अंग वळवत उभी. तिला काय हवंय, का हवंय, कुणाचा माज तिच्यात दिसतो? काहीच नाही. तिच्यासमोर मग कुणीही सज्जनच वाटणार.

मिरज जंक्शन:
काका, नमस्कार. तुमचं कीचकाचं लई आवडलं. पण एक बघा. तिथं कीचकाला मारायला भीम हाय. बघणारा भीमाच्या बाजूनं बसतो आणि कीचकाला खुशाल शिव्या घालतो. हितं सगळेच कीचक! मग तिकीट काढून आलेला माणूस कुणाच्या बाजूनं बसणार? दोन तास कुणाची तरी काळजी वाटायला नको? म्हणून पोरगी दाखवली, म्हणून बारमधलं रडणं दाखवलं. तुम्ही ज्याला मवाळ म्हणताय, त्याच्याशिवाय असा पिक्चर होतच नाही.

कृष्णाकाठ:
मिरजकर, हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा. पण त्याचं उत्तर गनच्या सिनेमात आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

त्यातल्या टोळीतले ब्लडस्पोर्ट आणि पीसमेकर फ्लॅगला सोडवायला जंगलातल्या छावणीत शिरतात. दोघांत चढाओढ: कोण जास्त सफाईनं मारतो. एकानं गळा चिरला की दुसरा त्याच्याहून भारी काहीतरी करतो. आम्ही सगळे हसत होतो, खरंच जोरात हसत होतो. तंबूत पोचल्यावर कळतं की फ्लॅग तिथे आरामात बसलाय, ती छावणी हुकूमशहाविरुद्ध लढणाऱ्यांची आहे, आणि मेलेले सगळे आपल्याच बाजूचे होते. हॉलमध्ये एकदम शांतता. त्यांची नेता सोल सोरिया आपल्या माणसांची प्रेतं बघते तेव्हा आपल्याला आपल्याच हसण्याची लाज वाटते.

खलनायक असा दाखवतात. त्याच्याबद्दल आपुलकी वाटू द्या, पण त्याच्या हातून जे होतं त्याची किंमत पडद्यावर दिसू द्या. ब्लडस्पोर्टलाही मुलगीच आहे, पण तुरुंगात भेटायला आल्यावर तो तिच्यावर खेकसतो, शिव्या देतो. तरी मला त्याची काळजी वाटली. पीसमेकर शांततेच्या नावाखाली फ्लॅगला मारतो, तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. त्याला मवाळ करायची गरजच पडली नाही.

मिरज जंक्शन:
आणि तो पिक्चर पडला. १८ कोटी डॉलरच्या वर खर्च, कमाई १७ कोटीच्या आत. लोकांना काय पाहिजे होतं ते लोकांनी सांगितलं.

हरिपूरची:
हे मात्र चुकीचं आहे. ऑगस्ट २०२१ होता तो! अमेरिकेत त्याच दिवशी घरबसल्या एचबीओ मॅक्सवर आला होता. आणि आपल्याकडे? महाराष्ट्रातली थेटरं २२ ऑक्टोबरला उघडली. जुलैत कृष्णेला पूर आलेला, आम्ही ऑगस्टमध्ये घरातला गाळ काढत होतो, ओली गादी गच्चीवर वाळवत होतो. आपण कुणी तो थेटरात बघूच शकलो नाही. त्या आकड्यावरून सिनेमा ठरवू नका.

मिरज जंक्शन:
बरं, आकडा सोडला. पूर आमच्याकडंबी होता ताई.

पण वॉलरचं बोला. आयरच्या पिक्चरमधी ती स्वतःच्याच ऑफिसातल्या पोरांना स्वतःच्या हातानं गोळ्या घालती, पापणी न हलवता. व्हायोला डेव्हिसचं ते काम बघून मला झोप लागली नव्हती. आणि शेवटी तिला काय होतं? काय नाय. ब्रूस वेनबरोबर, म्हंजे बॅटमनबरोबर, टेबलावर बसती, फायली देती, स्वतःची कातडी वाचवती. गननं काय केलं? तिच्या ऑफिसातली बाई तिच्या डोक्यात गोल्फची काठी घालती आणि सगळे खुश. कुठलं खरं वाटतंय सांगा? साहेबाच्या डोक्यात काठी घालणारा कारकून मी तरी आजवर बघितला नाही. तुम्हाला व्हिलन पाहिजे होता ना कृष्णाकाठ? तो हितं हाय, आणि सुटलाय.

कृष्णाकाठ:
वॉलरबद्दल शंभर टक्के सहमत. ती या सिनेमातली एकमेव माणूस आहे जिला आयरनं सांभाळून घेतलं नाही, आणि म्हणूनच ती लक्षात राहते. माझं म्हणणं तेच आहे, बाकीच्यांनाही तसंच वागवायचं होतं.

पण मग त्या टेबलावरच्या वेनचं काय? तो तिला बजावतो की ही टोळी बंद कर, नाहीतर आम्ही करू. पण फायली घेतो आणि बदल्यात तिला वाचवायचं कबूल करतो. ऑफिसातल्या त्या पोरांबद्दल एक शब्द नाही. त्याला तुम्ही हिरो म्हणणार का?

पुष्पराज चौक:
त्याला माहीत तरी होतं का, की तिनं गोळ्या घातल्या? सिनेमात कुठे दाखवलंय? मी आज रात्री तो शेवट परत बघते आणि मगच लिहिते.